मृगापूर्वीं परसबागेची आंखणी

शेताची मशागत आटोपून शेतकरी मृगाची वाट पाहूं लागतो. परसबागेचा विचार मात्र पाऊस पडल्यावर करतो. वांगीं-मिरचीचीं रोपें लावणीजोगीं होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. त्यामुळें लावणी लांबते व फळहि उशिरा धरतें. यास्तव आमची विनंति अशी कीं, वैशाखांतच विहिरीजवळ गादीवाफा करून हें बीं पेरावें, वर सावली करावी व झारीनें पाणी द्यावें. भेंडी-गवारीचे वाफे आंखून त्यांत कुजलेलें शेणखत मिसळून ठेवावें. मृगांत टोकलेली भेंडी सुमारें ५० दिवसांत, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, तोडणीस येते. दोडक्या-कारल्याचे वेल कुंपणावर चढवावे; न्हाणीच्या पाण्यावर अळूं लावावें. काय लावावयाचें, हें मात्र घरांतील स्त्रियांस विचारून ठरवावें. खंडीनें धान्य पिकवावें आणि भाजीसाठीं बाजार गांठावा, हें आम्हां शेतकऱ्यांस शोभत नाहीं.