विश्लेषण : एका ‘ब्रेकअप’ गाण्याने ब्रिटनी स्पिअर्सला दोषी कसे ठरवले? ‘क्राय मी अ रिव्हर’चा वाद दोन दशकांनंतरही का सुरू आहे?

प्रेमभंगावरचे एक पॉप गाणे आणि पाच मिनिटांहूनही छोटा त्याचा व्हिडीओ. जस्टिन टिम्बरलेकच्या ‘क्राय मी अ रिव्हर’ने २००२ मध्ये त्याला एकट्याच्या बळावर मोठा गायक बनवले आणि त्याच वेळी ब्रिटनी स्पिअर्सवर ‘विश्वासघातकी प्रेयसी’ हा शिक्का मारला. दोन दशकांनंतर हाच व्हिडीओ टिम्बरलेकच्या विरोधात पुरावा म्हणून पाहिला जाऊ लागला. असे का झाले, याविषयी…

मूळ प्रकरण काय?

ब्रिटनी आणि टिम्बरलेक यांची ओळख लहानपणीची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघेही डिस्नेच्या ‘मिकी माउस क्लब’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात होते. पुढे ब्रिटनी ‘बेबी वन मोअर टाइम’मुळे जगभर पोहोचली आणि टिम्बरलेक ‘एन सिंक’ या गायकगटाचा चेहरा झाला. १९९९ ते २००२ या काळात ते अमेरिकेतील सर्वात चर्चेतले तरुण जोडपे होते. २००१ च्या ‘अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्स’ला दोघेही नखशिखान्त डेनिम घालून आले होते, ते छायाचित्र आजही सर्वत्र फिरत असते. २००२ च्या सुरुवातीला हे नाते तुटले. त्याची कारणे तेव्हा कोणीच उघडपणे सांगितली नाहीत आणि ही रिकामी जागा एका गाण्याने भरून काढली.

गाणे कसे तयार झाले?

टिम्बरलेक तेव्हा गटातून बाहेर पडून ‘जस्टिफाइड’ हा पहिला स्वतंत्र अल्बम तयार करत होता. संगीतकार-निर्माता टिम्बालँड आणि स्कॉट स्टॉर्च यांच्यासह त्याने हे गाणे रचले. टिम्बालँडने तोंडाने काढलेला ताल, मागचे गूढ समूहस्वर आणि टिम्बरलेकचा उंच, दुखावलेला आवाज यांमुळे ते त्या काळच्या गोडगोड पॉप गाण्यांपेक्षा एकदम वेगळे वाटले. शीर्षकाचा इंग्रजीतील रूढ अर्थ ‘रड किती रडायचे ते, मला आता फरक पडत नाही’ असा. याच नावाचे आर्थर हॅमिल्टन यांचे गाणे ज्युली लंडनच्या आवाजात १९५५ मध्येच गाजले होते. नव्या गाण्याचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. २०१८ मध्ये आलेल्या ‘हाइंडसाइट’ या पुस्तकात टिम्बरलेकने हे गाणे तीव्र भावनेच्या भरात अवघ्या दोन तासांत लिहिल्याचे सांगितले.

व्हिडीओमध्ये असे काय होते?

गाण्यात कोणाचेही नाव नाही. नाव जोडले ते व्हिडीओने. फ्रान्सिस लॉरेन्स (पुढे ‘आय अॅम लिजेंड’ आणि ‘हंगर गेम्स’ मालिकेतील चित्रपटांचे दिग्दर्शक) यांनी तो दिग्दर्शित केला. एक तरुणी घराबाहेर पडते. तिचे सोनेरी केस, अंगलट आणि डोक्यावरची टोपी पाहून प्रेक्षकाला ब्रिटनीच आठवावी, अशी ही निवड होती. ती गेल्यावर टिम्बरलेक खिडकी फोडून आत शिरतो, दुसऱ्या मुलीबरोबरच्या जवळिकीचे चित्रीकरण करतो. तरुणी परतल्यावर तो लपून तिचा माग काढतो, स्नानगृहापर्यंत जातो. तिला चाहूल लागते तोवर तो निघून गेलेला असतो आणि टीव्हीच्या पडद्यावर त्याने मागे ठेवलेले चित्रीकरण सुरू असते.

आज हे वर्णन वाचले तर घरफोडी, पाळत आणि चोरून पाहणे हे शब्द सुचतात. तेव्हा मात्र प्रेक्षकांनी त्यात दुखावलेल्या प्रियकराचा देखणा सूड पाहिला. २००३ च्या ‘एमटीव्ही’ पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पुरुष गायकाचा व्हिडीओ आणि सर्वोत्कृष्ट पॉप व्हिडीओ असे दोन मान त्याला मिळाले. गाणे ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि २००४ मध्ये त्याला ‘ग्रॅमी’ही मिळाले.

गाणे आणि साक्ष यातील फरक का पुसला गेला?

आपल्याकडे विरहगीते काही कमी नाहीत. पण हिंदी वा मराठी चित्रपटगीतात विरह पात्राचा असतो. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा आणि पडद्यावर ओठ हलवणारा चौथाच. भावगीतातली ‘ती’ही बहुधा अनामिक असते. त्यामुळे गाणे ऐकून कोणी गायकाच्या घरातले भांडण शोधायला जात नाही. पाश्चात्त्य पॉपमध्ये लिहिणारा, गाणारा आणि पडद्यावर दिसणारा बहुतेक वेळा एकच असतो. श्रोत्यांना त्याचे खासगी आयुष्यही तारीखवार ठाऊक असते. अशा वेळी गाणे हे रोजनिशीचे पान ठरते आणि त्याला साक्षीचे वजन येते. ‘क्राय मी अ रिव्हर’ने नेमके हेच साधले. नाव न घेतल्यामुळे आरोप केल्याची जबाबदारी आली नाही. सारखी दिसणारी अभिनेत्री उभी केल्यामुळे आरोप कोणावर आहे हे सर्वांना कळले.

ब्रिटनीवर काय परिणाम झाला?

नाते का तुटले, हा प्रश्न त्यानंतर ‘तिने काय केले’ या रूपातच विचारला जाऊ लागला. नोव्हेंबर २००३ मध्ये डायन सॉयर यांनी ‘एबीसी’ वाहिनीसाठी घेतलेली मुलाखत याचे ठळक उदाहरण मानली जाते. टिम्बरलेकला इतके दु:ख होण्यासारखे तिने काय केले, अशी विचारणा २१ वर्षांच्या ब्रिटनीला कॅमेऱ्यासमोर झाली. मेरीलँडच्या गव्हर्नरांच्या पत्नीने, मुलींवरील ब्रिटनीच्या प्रभावावर बोलताना, संधी मिळाली तर तिला गोळी घालीन अशा अर्थाचे उद्गार काढले होते. तेही तिला ऐकवण्यात आले. मुलाखतीत ब्रिटनीला रडू कोसळले.

पुढे २००७-०८ मध्ये घटस्फोट, मुलांच्या ताब्यावरून वाद आणि छायाचित्रकारांचा ससेमिरा यांत तिचे खासगी आयुष्य कोलमडले. २००८ मध्ये न्यायालयाने तिचे व्यवहार आणि वैयक्तिक निर्णय वडिलांच्या देखरेखीखाली दिले. याचे कारण एक गाणे होते, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण तिच्याविषयी काहीही विचारावे, काहीही छापावे ही मोकळीक ज्या वातावरणाने दिली, ते तयार होण्यात या व्हिडीओचा वाटा होता.

‘एव्हरीटाइम’ हे उत्तर होते का?

ब्रिटनीच्या नोव्हेंबर २००३ मधील ‘इन द झोन’ या अल्बममधील ‘एव्हरीटाइम’ हे तिचे उत्तर मानले गेले. अॅनेट आर्टानीबरोबर लिहिलेले हे पियानोवरचे हळवे गाणे आहे. त्यात आरोप नाही, माफीचा सूर आहे. डेव्हिड लाशॅपेल यांनी दिग्दर्शित केलेल्या व्हिडीओत छायाचित्रकारांच्या गर्दीतून सुटू पाहणारी, न्हाणीच्या टबात बुडणारी तारका दिसते. एकाचा व्हिडीओ सूडाचा, तर दुसरीचा स्वत:लाच संपवू पाहणाऱ्या बाईचा, हा फरक तेव्हा फारसा कोणी बोलून दाखवला नाही.

२०२१ मध्ये चित्र कसे पालटले?

५ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने तयार केलेला ‘फ्रेमिंग ब्रिटनी स्पिअर्स’ हा माहितीपट प्रदर्शित झाला. त्याने जुन्या मुलाखती, मथळे आणि हा व्हिडीओ शेजारी शेजारी ठेवले. ‘मी टू’ चळवळीनंतरच्या प्रेक्षकाला तीच दृश्ये वेगळी दिसली. आठवडाभरात, १२ फेब्रुवारीला टिम्बरलेकने इन्स्टाग्रामवर ब्रिटनी आणि जॅनेट जॅक्सन या दोघींची माफी मागितली. स्त्रीद्वेष आणि वंशद्वेष खपवून घेणाऱ्या व्यवस्थेचा आपल्याला लाभ झाला, अशी कबुली त्याने दिली.

जॅनेटचे नाव येण्यामागे फेब्रुवारी २००४ मधील ‘सुपर बोल’ सामन्याच्या मध्यंतरातील घटना होती. टिम्बरलेकने पोशाखाचा भाग ओढल्याने जॅनेटचे वक्ष क्षणभर उघडे पडले. रोष प्रामुख्याने तिने सोसला. टिम्बरलेकला मात्र आठवडाभरातच ‘क्राय मी अ रिव्हर’साठी ग्रॅमी मिळाले. ब्रिटनीवरील न्यायालयीन पालकत्व सुमारे १३ वर्षांनंतर, १२ नोव्हेंबर २०२१ रोजी संपुष्टात आले.

आत्मचरित्रात ब्रिटनीने काय सांगितले?

‘द वुमन इन मी’ हे तिचे पुस्तक २४ ऑक्टोबर २०२३ रोजी आले आणि पहिल्याच आठवड्यात एकट्या अमेरिकेत त्याच्या ११ लाख प्रती खपल्या. त्यात तिने एका नृत्यदिग्दर्शकाचे चुंबन घेतल्याचे मान्य केले. टिम्बरलेकनेही विश्वासघात केल्याचे म्हटले. या नात्यात असताना ती गरोदर राहिली होती, टिम्बरलेकला मूल नको होते म्हणून गर्भपात केला, नाते संपल्याचा निरोप मोबाइल संदेशातून आला, असेही तिने लिहिले. व्हिडीओ गाजत होता तेव्हा ती लुईझियानातील घरी जवळपास अबोल अवस्थेत होती. आपली बाजू मांडली तरी कोणी ऐकणार नाही, असे तिला वाटत होते.

मग वाद मिटला का?

नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासमधील कार्यक्रमात हे गाणे सुरू करण्यापूर्वी टिम्बरलेकने कोणाचा अनादर करायचा नाही, असे सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे ‘सेल्फिश’ हे नवे गाणे येताच ब्रिटनीच्या चाहत्यांनी तिचे याच नावाचे २०११ चे गाणे विकत घेऊन ‘आयट्यून्स’च्या यादीत वर नेले. पुस्तकात दुखावल्या गेलेल्यांची माफी मागून ब्रिटनीने नव्या गाण्याचे कौतुकही केले. त्यानंतर काही दिवसांतच, न्यू यॉर्कमधील कार्यक्रमात ‘क्राय मी अ रिव्हर’ गाण्याआधी आपण कोणाचीही माफी मागत नाही, असे टिम्बरलेकने शिवीसकट जाहीर केले.

आजच्या गाण्यांना हा धडा लागू होतो का?

आता हे शस्त्र गायिकांच्याही हाती आहे. जानेवारी २०२३ मध्ये शकिराने अर्जेंटिनाच्या बिझाराप या निर्मात्याबरोबर माजी जोडीदार, फुटबॉलपटू जेरार्ड पिके याच्यावर शब्दांचे बाण सोडले, ते जगभर गाजले. त्यात पिकेच्या नव्या जोडीदारावरही कोट्या होत्या. त्या जोडीदाराकडे ना शकिराइतका श्रोतृवर्ग होता ना स्वत:चे गाणे. २००२ मध्ये ब्रिटनीकडे निदान तो मंच होता, तरी तिची बाजू लोकांपर्यंत पोहोचायला २१ वर्षे लागली. प्रेमभंगाचे गाणे एकाच बाजूचे असणार, त्यात गैर काही नाही. ती एक बाजू आहे, हे श्रोते आणि माध्यमे विसरतात तेव्हा मात्र त्याची किंमत ज्याला गाणे म्हणता येत नाही त्याला मोजावी लागते.