पहारा कोठे बसवावा?

संगणकावर विषाणुरोधक आज्ञावली, म्हणजे आपण जिला सरसकट ‘अँटीव्हायरस’ म्हणतो ती, बसविली की आपले कर्तव्य संपले, असा समज चांगल्या सुशिक्षितांतही रूढ आहे. पहारेकरी नेमला, आता तो काय ते पाहून घेईल! परंतु पहारेकऱ्याने कोणाची झडती घ्यावी आणि कोणाला न अडविता आत सोडावे, हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते. या आज्ञावलीच्या ‘सेटिंग्ज’मध्ये नेमका हाच प्रश्न विचारलेला असतो : सर्व फाइली तपासू, की ठरावीक प्रकारच्याच? आणि वगळू कोणत्या? बहुतेक जण ते पान कधी उघडीतच नाहीत. जे उघडतात ते संगणक मंद चालतो म्हणून त्रासून उघडतात, आणि त्रासलेल्या मनाने दोन-चार खुणा करून बंद करतात.

चेन्नईत बसून या विषयावर बोलणे एका परीने उचितच आहे. १९९१ साली याच शहरात ‘के-सेव्हन’ ही कंपनी निघाली आणि तिची विषाणुरोधक आज्ञावली पुढे थेट जपानच्या बाजारात जाऊन बसली. आपल्या पुण्यातही कैलास व संजय काटकर या बंधूंनी, कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या लहानशा दुकानातून आरंभ करून, ‘क्विक हील’ उभी केली. आणि धोका किती जवळ आला आहे हेही या शहराने पाहिले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडू शासनाच्या सार्वजनिक विभागातील संगणकांवर हल्ला होऊन फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली गेली.

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या अगदी आरंभीच्या भागात दडून बसे. त्या काळी तो आरंभीचा भाग आणि ‘ईएक्सई’ किंवा ‘कॉम’ अशी शेपटी असलेल्या, म्हणजे स्वतः चालणाऱ्या फाइली तेवढ्या तपासल्या की काम भागत असे. पत्र हे पत्र, तक्ता हा तक्ता; त्यांत विषाणू कोठून येणार? १९९५ साली ‘कॉन्सेप्ट’ नावाचा विषाणू ‘वर्ड’मध्ये लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींतून पसरू लागला आणि हा भेद पुसला गेला. मजकुरासोबत ‘मॅक्रो’ नावाच्या लहान आज्ञा जोडण्याची जी सोय होती, तिच्यातूनच त्याने वाट काढली होती. पुढे मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या मिषाने जो विषाणू जगभर फिरला, त्याच्या फाइलीला दोन शेपट्या होत्या : आधी ‘टीएक्सटी’, मग ‘व्हीबीएस’. विंडोज ओळखीची शेवटची शेपटी दाखवीत नसे. त्यामुळे वाचणाऱ्याला ती निरुपद्रवी मजकुराची फाइल वाटली, आणि लक्षावधी लोकांनी ती उघडली.

म्हणून, श्रोतेहो, केवळ शेपटी पाहून तपासणी करण्याचा पर्याय माझ्या मते आता कालबाह्य समजावा. शेपटी बदलणे हे नाव बदलण्याइतके सोपे आहे. जी आज्ञावली फाइलीच्या अंतरंगात डोकावते तीच खरी. विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी ‘एम’ आणि ‘झेड’ ही दोन अक्षरे असतात. तिचे नाव तुम्ही ‘लग्नपत्रिका’ ठेवा, ती अक्षरे जात नाहीत. ‘झिप’ गाठोड्याच्या आरंभी ‘पी’ आणि ‘के’ असतात, आणि गंमत अशी की ‘वर्ड’ची आजची फाइलही आतून असे गाठोडेच असते. तेव्हा फाइल उघडताक्षणी होणारी तपासणी सर्व फाइलींना लागू ठेवावी. मोठी गाठोडी सोडून आतला प्रत्येक जिन्नस पाहण्याचे वेळखाऊ काम मात्र आठवड्यातून एकदा होणाऱ्या संपूर्ण तपासणीकडे सोपविले तरी चालते. ती तपासणी रात्री दोनला ठेवून संध्याकाळी संगणक बंद करून जाणारी कार्यालये आहेत. तेथे ती कधी होतच नाही, हे निराळे सांगायला नको.

आता वगळण्याचा प्रश्न. सगळा घोळ येथेच होतो. समजा, तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी कागदांच्या छायाप्रतींवर एखादा अभ्यासक काम करीत आहे. हजारो चित्रे, प्रत्येक भलीमोठी. प्रत्येक चित्र उघडताना पहारेकरी मध्ये येतो आणि संगणक कुंथतो. अभ्यासक वैतागून संपूर्ण ‘डी’ ड्राइव्हच अपवादांच्या यादीत टाकतो. काम झपाट्याने चालू लागते. पण त्याच ड्राइव्हवर पेनड्राइव्हमधून इतर फाइलीही उतरतात, त्यांपैकी एखादी चित्राचे सोंग घेतलेली असते, आणि तिला अडविणारे तेथे कोणी नसते. १६७० साली तानाजीचे मावळे कोंढाण्यावर दरवाजातून शिरले नाहीत. जो कडा चढता येणार नाही म्हणून पहाऱ्यातून सुटला होता, त्या कड्यावरून ते वर गेले. शत्रूही अशा सुटलेल्या कड्याचाच शोध घेत असतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘डिफेंडर’मधील अपवादांची यादी त्या संगणकावर कोणालाही वाचता येते, ही गोष्ट जानेवारी २०२२ मध्ये गाजली होती, नंतर ती वाट बंद करण्यात आली.

म्हणजे अपवाद करूच नयेत असे नव्हे. मोठ्या माहितीसाठ्याच्या फाइलींवर क्षणोक्षणी लेखन चालू असते. पहारेकरी त्या धरून बसला तर सगळे कार्यालय अडते. म्हणून त्या वगळाव्यात, असे त्यांचे निर्मातेच सांगतात. शिवाय पहारेकरीही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी ‘मॅकॅफी’च्या एका नव्या यादीने विंडोजचीच एक अत्यावश्यक फाइल विषाणू ठरविली आणि ठिकठिकाणचे संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागले. एखाद्या कार्यालयाची स्वतः तयार केलेली जुनी वेतन-आज्ञावली अशीच नाहक संशयात सापडू शकते.

प्रश्न आहे तो अपवाद किती अरुंद करावा याचा. ड्राइव्ह वगळण्यापेक्षा फोल्डर, फोल्डरपेक्षा पूर्ण पत्त्यासह एकच फाइल. ‘ईएक्सई’सारखी शेपटी सरसकट वगळणे म्हणजे दरवाजा काढून ठेवणे. ‘डाउनलोड्स’ आणि ‘टेम्प’ ही फोल्डरे कदापि वगळू नयेत. बाहेरचा माल प्रथम तेथेच उतरतो. ‘प्रोसेस’ वगळण्याचा एक पर्याय असतो, त्याचा अर्थ बहुधा उलटा घेतला जातो : ‘डिफेंडर’मध्ये त्यामुळे तो कार्यक्रम तपासणीतून सुटत नाही, तर त्याने उघडलेल्या फाइली तत्क्षणीच्या तपासणीतून सुटतात. आमच्या अभ्यासकाने एवढेच करावे : छायाप्रतींसाठी निराळे फोल्डर, त्यात दुसरे काही ठेवायचे नाही, आणि तेवढेच वगळायचे. त्याने छायाप्रती सुरक्षित होतात असे मात्र नाही. कुलूप लावणारा कार्यक्रम भलत्याच फोल्डरात बसून त्यांच्यावर हात टाकू शकतो. त्यावर उपाय एकच, संगणकापासून तोडून ठेवलेली दुसरी प्रत.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण प्रत्येक अपवादाची नोंद असावी असे मला वाटते : काय वगळले, कोणी, कधी, कशासाठी. कारण नाहीसे झाले तरी सवलत चालू राहते, हा अनुभव केवळ संगणकापुरता नाही!

शेवटी, आपण ठरविले तसेच घडते आहे की नाही, हे पाहण्याचा एक निर्धोक मार्ग आहे. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या नावाने ६८ अक्षरांची एक चाचणी-फाइल उपलब्ध आहे. ती कोणालाही अपाय करीत नाही. पण बहुतेक विषाणुरोधक आज्ञावल्या ती दिसताच ओरडतात, कारण तसे ठरलेलेच आहे. ती फाइल वगळलेल्या फोल्डरात ठेवावी आणि मग दुसरीकडे. पहिल्या ठिकाणी शांतता आणि दुसऱ्या ठिकाणी आरडाओरडा झाला, तर सारे ठीक. दोन्हीकडे शांतता राहिली, तर ते पान पुन्हा उघडून बसावे.