भाग्यवान एमसीबी पडत नाही, पण प्लग तापतो : व्होल्टेज, करंट आणि गरम पिनांचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. आकडेमोड आहे, त्यामुळे फोनमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

एका श्रोत्याचा प्रश्न होता : "भाड्याच्या रूमवर गिझर आहे. अंघोळीनंतर प्लग काढायला गेलं की पिना चटका बसेल इतक्या गरम. पण एमसीबी कधीच पडत नाही. म्हणजे सगळं ओके ना?"

थोडक्यात उत्तर : नाही. का, ते दोन सूत्रांत कळतं.

शाळेत आपण विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे शब्द पाठ केले. रोजच्या भाषेत व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये यांचं नातं मांडलं :

व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स

आणि पॉवर, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते :

वॅट = व्होल्टेज × करंट

तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरात ९ व्होल्ट, २ अँपिअर असं छापलेलं असेल, तर तो १८ वॅटचा. झालं, दुसरं सूत्र वापरून झालं.

आता गिझर. त्यावर लिहिलंय २००० वॅट. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. मग करंट = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. आणि आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स = २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम.

इथेच पहिला इशारा मिळतो. घरातले छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असतात, मोठे १६ चे. ८.७ हा आकडा छोट्यात बसतच नाही. १५०० वॅटचा पाण्यात टाकायचा रॉडसुद्धा ६.५ अँपिअर घेतो, म्हणजे तोही बसत नाही. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्शन प्लग मिळतो खरा, पण तो फक्त पिनेचा आकार बदलतो. करंट तेवढाच राहतो.

बरं, समजा सॉकेट १६ चाच आहे. तरी पिना का तापतात?

दोन्ही सूत्रं एकत्र करा. व्होल्टेजच्या जागी 'करंट × रेझिस्टन्स' ठेवलं की मिळतं :

वॅट = करंट × करंट × रेझिस्टन्स

सॉकेटमधली पितळी पट्टी पिनेला घट्ट धरून असेल, तर त्या जोडाचा रेझिस्टन्स नगण्य असतो. ०.०१ ओहम धरला तरी ८.७ × ८.७ × ०.०१ = पाऊण वॅट. हाताला जाणवणारही नाही.

आता पट्टी सैल झाली किंवा स्क्रू ढिला पडला, आणि समजा तिथला रेझिस्टन्स अर्धा ओहम झाला. हा कॉइलच्या रांगेतच येतो, म्हणून एकूण २६.९ ओहम. करंट = २३० ÷ २६.९ = साधारण ८.५ अँपिअर. आणि त्या सैल जोडावर ८.५ × ८.५ × ०.५ = ३६ वॅट!

३६ वॅट म्हणजे किती? सोल्डरिंग करायची साधी इस्त्री २५ वॅटची असते, आणि ती शिसं-कथील वितळवते. तेवढी, किंबहुना जास्त उष्णता तुमच्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये, रोज, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत.

आता एमसीबीच्या बाजूने विचार करा. त्याचं काम करंट मोजणं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला की तो पडतो. इथे करंट ८.७ वरून ८.५ झाला, म्हणजे उलट कमीच झाला. १६ अँपिअरच्या एमसीबीला सगळं आलबेल दिसतं. गिझरलाही १९०० वॅटच्या वर मिळताहेत, त्यामुळे पाणीही नेहमीसारखं तापतं. तक्रार करणारं कुणीच नाही. फक्त ती गरम पिन.

शिवाय उष्णतेने पट्टीचा ताण जातो आणि धातूवर काळा थर चढतो. त्याने रेझिस्टन्स वाढतो, मग उष्णता आणखी वाढते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हा लूप आहे आणि त्याला बाहेर पडायची अट नाही. शेवट वितळलेला सॉकेट किंवा आग.

मग करायचं काय?

१. पिना गरम, सॉकेटवर पिवळा-काळा डाग, जळका वास, तडतड आवाज : यातलं काहीही दिसलं की गिझर वापरणं बंद. प्लग ओढू नका, आधी एमसीबी खाली करा.
२. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घ्या. काळा पडलेला प्लगही बदला, नाहीतर तो नवा सॉकेट खराब करेल. वायरचं टोक जळलं असेल तर तेवढं कापायला सांगा.
३. गिझर, रॉड, इस्त्री एक्स्टेंशन बोर्डवर नको.
४. घरमालक म्हणाले, "एमसीबी पडत नाही ना, मग राहू दे," तर त्यांना वरचा ३६ वॅटचा हिशेब दाखवा. नवा सॉकेट काही शेकड्यांत येतो.

एक तळटीप : हा सरळ हिशेब गिझर, रॉड, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तूंना लागू. पंखा, फ्रिज यांच्या मोटरमध्ये 'व्होल्ट × अँपिअर' आणि खरे वॅट यांत फरक पडतो. त्या पॉवर फॅक्टरवर पुढे कधीतरी बोलू.

आज रात्री घरातल्या मोठ्या वस्तूंवरचे वॅट वाचा, २३० ने भागा, आणि सॉकेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. काही गडबड सापडली तर मला नंतर कळवा, इलेक्ट्रिशियनला आधी. भेटू पुढच्या भागात!