मालक कामावर, भुंकणं शेजाऱ्यावर

‘आमचा तर भुंकतच नाही हो!’ मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीनं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. म्हणणारा खोटंही बोलत नसतो. तो सकाळी साडेआठची लोकल पकडतो आणि रात्री परततो, तेव्हा कुत्रा शेपूट हलवत दारात उभा असतो. मधल्या दहा-अकरा तासांचा हिशेब असतो भिंतीपलीकडच्या आजोबांकडे, नाइट शिफ्ट करून दिवसा झोपणाऱ्या मुलाकडे आणि दहावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीकडे. भांडणाची मेख इथेच आहे. ज्या आवाजाबद्दल तक्रार आहे, तो मालकानं ऐकलेलाच नसतो.

म्हणून पहिला उपाय ट्रेनरचा नव्हे, जुन्या मोबाइलचा. फोन घरात रेकॉर्डिंगवर ठेवायचा आणि नेहमीसारखं कामाला निघायचं. चार-पाच दिवसांत चित्र स्पष्ट होतं. मालक गेल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात केविलवाणं, लांबलचक भुंकणं असेल, तर तो एकटेपणाचा ताण. कचरेवाला, कुरिअर, पोळ्यावाल्या मावशी यांच्या वेळेला तुटक, जोरकस आवाज असेल, तर ती राखण. दुपारभर एकसुरी चालू असेल, तर निव्वळ कंटाळा. भुंकण्यातला हा फरक माणसाला कळतो, हे तपासूनही झालं आहे. बुडापेस्टच्या एत्व्हश लोरांद विद्यापीठातल्या पेटर पोंग्राट्स आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये मुडी जातीच्या कुत्र्यांचे वेगवेगळ्या प्रसंगांतले आवाज लोकांना ऐकवले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता, त्यांनाही प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आले.

उपनगरांतल्या इमारती या आवाजाला भलतीच साथ देतात. समोरासमोर दारं, लादीचा पॅसेज, आणि किचन-बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडणाऱ्या. कडक लादी आवाज शोषत नाही, परतवते. आणि डक्ट म्हणजे तर सिमेंटचा भोंगाच. दुसऱ्या मजल्यावरचा बीगल सातव्या मजल्यावर शेजारच्या खोलीत असल्यासारखा ऐकू येतो तो त्यामुळे. मोठ्या कुत्र्याचं जवळून भुंकणं ९० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतं. ऑस्ट्रेलियातल्या चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरनं २०१२मध्ये ११३.१ डेसिबलचा गिनेस विक्रम केला होता. आणि आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. दर दहा डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं की शेजारचे आजोबा उगाच कुरकुरत नाहीत हे पटतं.

यावर जाड पडदे लावणारे पुष्कळ. पडद्यानं खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, पण बाहेर जाणारा फारसा अडत नाही. आवाज हवेच्या वाटेनं निसटतो, तेव्हा दाराखालची फट रबरी पट्टीनं बुजवणं आणि डक्टकडची खिडकी बंद ठेवणं स्वस्तही आणि जास्त उपयोगीही. त्याहून साधी गोष्ट आहे सेफ्टी डोअरची. हवा खेळती राहावी म्हणून घरात कुणी असलं की आतलं लाकडी दार उघडं, जाळीचं तेवढं बंद, ही मुंबईची रीत. कुत्र्याच्या दृष्टीनं ती जाळी म्हणजे पहारेकऱ्याची चौकी. लिफ्टमधून जो उतरेल त्याच्यावर भुंकायचं, आणि तो माणूस तर आपल्या वाटेनं निघूनच जातो. कुत्र्याला मात्र वाटतं, आपणच त्याला पळवलं! दिवसातून वीस-पंचवीस वेळा असा विजय मिळाला की सवय घट्ट होते. लाकडी दार लोटून घेतलं, बाल्कनीच्या ग्रिलला खालून दोन-अडीच फूट अपारदर्शक पत्रा किंवा चटई लावली, की अनेक घरांत निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

उरलेला निम्मा मेहनतीचा. बेलवर भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवतात. तो शांत राहिला तर लगेच चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. काही दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. शेवटी बेल वाजली की दाराकडे धाव न घेता आपल्या चटईवर जाऊन बसायचं, एवढं शिकवायचं. ‘गप्प’ हा शब्दही असाच रुजतो: दोन सेकंद शांतता, शब्द, बक्षीस; मग पाच सेकंद, मग दहा. ओरडून काही साधत नाही. कुत्र्याला वाटतं, मालकही आपल्याबरोबर भुंकतोय.

एकटेपणाचं दुखणं अधिक चिवट. तिथे किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या, चपला घालून सोफ्यावरच बसायचं, एक मिनिट बाहेर जाऊन परतायचं, मग तीन मिनिटं, असा धीम्या गतीचा सराव लागतो. निघण्याआधी वीस-तीस मिनिटं हुंगत-हुंगत फिरवलेला कुत्रा दमून झोपतो. खेचत-पळवत मारलेल्या फेरीला तेवढा गुण नाही. दुपारी डॉगवॉकर परवडत असेल तर उत्तमच. संगीताचाही थोडा उपयोग होतो. बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांनी २००२मध्ये निवारागृहातल्या कुत्र्यांना निरनिराळं संगीत ऐकवलं, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर कुत्रे अधिक विसावले आणि हेवी मेटलवर अधिक भुंकले. म्हातारा कुत्रा अचानक रात्री-बेरात्री भुंकू लागला, तर मात्र शिकवणी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सांधेदुखी, कमी झालेली श्रवणशक्ती किंवा वयानं आलेला गोंधळ त्यामागे असू शकतो.

ऑनलाइन सहज मिळणारे विजेचा झटका देणारे पट्टे हा झटपट मार्ग अनेकांना मोह घालतो. कारण न शोधता आवाज दाबला की भीती तशीच राहते, आणि ती चावण्याच्या रूपानं बाहेर पडू शकते. वेल्समध्ये हे पट्टे २०१०पासून बेकायदा आहेत. स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया करून कुत्र्याला मुकं करण्याला १९८७च्या युरोपीय प्राणिकरारानंच मनाई केली आहे.

कायद्यानं कुत्रा सोसायटीबाहेर काढता येईल, ही आशा शेजाऱ्यांनी सोडलेली बरी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५च्या फेब्रुवारीत काढलेलं परिपत्रक सांगतं की पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारा ठराव सोसायटी बहुमतानंच काय, एकमतानंही करू शकत नाही आणि भुंकणं हे बंदीचं सबळ कारण ठरत नाही. पण त्याच परिपत्रकात मालकांनाही बजावलं आहे की कुत्र्याला, विशेषतः रात्री, शांत ठेवण्यासाठी शक्य ते सगळं करा. मालकमंडळी पहिला भाग छापून लिफ्टशेजारी चिकटवतात. दुसरा भाग का कोण जाणे, प्रिंटरमध्येच राहतो.

कुत्र्यांवरून तंटे ही मुंबईची जुनीच रीत. १८३२मध्ये भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले होते. आजचे तंटे व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगतात, आणि तक्रारीसाठी याहून वाईट जागा नाही. शंभर माणसांसमोर टोमणा ऐकलेला मालक बचावालाच उभा राहतो. त्यापेक्षा शेजाऱ्यानं भुंकण्याच्या वेळा चार दिवस कागदावर टिपून थेट हातात द्याव्यात, मालकानं आपला नंबर द्यावा आणि ‘शिकवणी सुरू आहे, महिना-दीड महिना लागेल’ हे मोकळेपणी सांगावं. सुरुवातीला भुंकणं वाढतंही. आजवर चालत आलेली युक्ती चालेना, म्हणून कुत्रा जोर लावून बघतो. हे आधी सांगितलेलं असलं की शेजारी धीर धरतात.

बोरिवली पूर्व आणि मुलुंड कॉलनीच्या बाजूला भुंकण्याचं एक जादा कारण आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं बिबटे फिरतात, आणि २०१८च्या एका संशोधनलेखानुसार तिथल्या बिबट्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा आहे. जंगलालगतच्या तळमजल्यावर किंवा बैठ्या घरात रात्री कुत्रा एकाच दिशेला तोंड करून भुंकत असेल, तर दटावण्याआधी त्याला आत घ्यावं आणि बाहेरचा दिवा लावावा. बिबट्या वस्तीत दिसलाच, तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. कचराकुंडी उघडी राहिली की भटके कुत्रे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो, तेव्हा या भागात रात्रीची शांतता हवी असेल, तर सोसायटीनं कुत्रेवाल्यांना नोटीस काढण्याआधी कुंडीचं झाकण बघावं.