ऐकून घेणे : काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

ज्याला कान आहेत त्याला ऐकता येते आणि ज्याला वाचा आहे त्याला आपले मनोगत दुसऱ्यापर्यंत पोहोचविता येते, ही समजूत आपल्या समाजात इतकी दृढमूल झाली आहे की, शाळेत वाचन, लेखन आणि वक्तृत्व यांसाठी तासिका व पारितोषिके ठेवताना श्रवणासाठीही काही तरतूद असावी, असे आपल्याला सहसा सुचत नाही. वस्तुतः ध्वनी कानावर पडणे हा शरीराचा व्यापार आहे आणि दुसऱ्याचे म्हणणे ग्रहण करणे हा मनाचा. पहिला अनायास घडतो, दुसऱ्यासाठी सराव लागतो, आणि ऐकलेले आपल्याविरुद्ध जाणारे असेल तर धैर्यही लागते.

या विषयाचा विचार करू इच्छिणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला फार दूर जाण्याचे कारण नाही. आठव्या शतकातील नाटककार भवभूती याने पद्मपूर हे आपल्या घराण्याचे गाव म्हणून सांगितले आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले आहे. आमगावच्या महाविद्यालयासही या नाटककाराचेच नाव आहे. त्याचे ‘उत्तररामचरित’ करुणरसासाठी वाखाणले जाते, व ते योग्यच आहे. परंतु दोन माणसांमधील संवाद कोठे तुटतो आणि कशाने पुन्हा सांधला जातो, याचे इतके सूक्ष्म निरूपण आपल्या प्राचीन नाट्यवाङ्मयात क्वचितच सापडेल, असे माझे मत आहे.

आपल्या माणसाच्या मनातले आपल्याला न सांगता कळते, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि सर्वांत प्रिय गैरसमज होय. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकातील राम आणि सीता यांच्यापेक्षा अधिक जवळची माणसे कोणती असणार? गतायुष्याची चित्रे दोघे मिळून पाहतात, जुन्या आठवणींनी दोघांचीही मने भरून येतात, आणि थकलेली सीता रामाच्या बाहूवर मस्तक ठेवून झोपी जाते. तेवढ्यात दुर्मुख हा हेर येऊन लोकापवादाची वार्ता रामाच्या कानात सांगतो, आणि राम तिला न उठविता, तिला एक शब्दही न विचारता, तिच्या त्यागाचा निर्णय करतो. वनात पुन्हा जावे, ही तिची डोहाळ्याची इच्छाच तिला वनात सोडण्याचे निमित्त ठरते. राम निष्ठुर होता असे भवभूती म्हणत नाही. त्याने दाखविले आहे ते याहून भयंकर आहे : प्रेम परिपूर्ण असूनही विचारपूस झाली नाही, एवढ्यानेच बारा वर्षांचा वियोग निर्माण झाला.

आधुनिक मानसशास्त्राचा दाखलाही याच दिशेचा आहे. केनेथ सॅवित्स्की, बोआझ कायसर आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संदिग्ध वाक्यांचा अर्थ ओळखण्याचे काम विवाहित जोडप्यांना देण्यात आले. जोडीदार परक्या माणसांहून अधिक अचूक ठरले नाहीत. आपले बोलणे जोडीदाराला समजले असणार, हा भरवसा मात्र त्यांच्या ठिकाणी अधिक होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली केलेला प्रयोग तर याहूनही बोलका आहे. सर्वपरिचित गाण्यांचा ठेका काही जणांनी मेजावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे, एवढीच अट होती. निम्मी गाणी ओळखली जातील, असा वाजविणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजविणाऱ्याच्या मनात संपूर्ण चाल गुंजत असते आणि ऐकणाऱ्याला केवळ टकटक ऐकू येते. जे आपल्या मनात स्पष्ट आहे ते बाहेरही तितकेच स्पष्ट झाले, असे वाटणे हाच सर्व गैरसमजांचा उगम आहे.

दुसरी समजूत अशी की, ऐकणे म्हणजे गप्प बसणे. तिचे निराकरण तिसऱ्या अंकात सापडते. बारा वर्षांनंतर राम पंचवटीत येतो. भागीरथीच्या प्रसादाने अदृश्य झालेली सीता तेथेच आहे, आणि तमसा नदी तिच्या सोबतीला आहे. सीतेला रामाशी बोलता येत नाही, केवळ ऐकता येते. परंतु रामाच्या मनातील दुःख बाहेर येते ते वनदेवता वासंती हिच्यामुळे. वासंती त्याला प्रश्न करते, त्याच्या निर्णयाची कारणे मागते, त्याच्या उत्तराने तिचे समाधान होत नाही तेव्हा तसे स्पष्ट सांगते. तिचे हे प्रश्न नसते, तर सीतेचे मौन निष्फळ झाले असते. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली एक साधा नियम सुचविला होता : वाद चालू असता प्रत्येकाने आपले म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल अशा रीतीने सांगून दाखवावे. करून पाहणाऱ्यास हा नियम किती कठीण आहे, हे पहिल्याच प्रयत्नात उमगते. कारण दुसरा बोलत असता आपण बहुधा आपले उत्तर रचीत असतो.

तिसरा गैरसमज आत्मभानाविषयीचा आहे आणि तो अधिक खोल आहे. आपले स्वत्व आत कोठेतरी तयार, अखंड असे असते आणि बोलण्यातून ते फक्त प्रकट होते, असे आपण मानतो. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली मांडलेला सिद्धांत याहून वेगळा आहे : आपण दुसऱ्याला कसे दिसतो याची आपण कल्पना करतो, त्या दिसण्याविषयी त्याचा काय अभिप्राय असेल याची कल्पना करतो, आणि त्यावरून अभिमान किंवा लज्जा अनुभवतो. यातील ‘कल्पना’ हा भाग महत्त्वाचा आहे, कारण ती चुकीची असू शकते. त्यागाच्या लज्जेचे शल्य सीतेच्या अंतःकरणात बारा वर्षे रुतलेले होते. अश्वमेधात सहधर्मचारिणी म्हणून रामाने तिचीच सुवर्णप्रतिमा ठेवली आहे, हे ती त्याच्या तोंडून ऐकते, आणि ते शल्य उपटले गेल्याचे ती स्वतःच सांगते. तिची परिस्थिती त्या क्षणी यत्किंचितही बदललेली नसते. बदलते ते दुसऱ्याच्या मनातील स्वतःच्या स्थानाविषयीचे तिचे ज्ञान. आत्मसन्मान एकट्याने, संकल्पाच्या बळावर उभारता येतो, असे सांगणाऱ्या आजच्या उपदेशकांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

संभाषणात शब्दांचा वाटा केवळ सात टक्के असतो, हे व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गांतून वारंवार सांगितले जाणारे विधान मात्र थोडक्यात निकालात काढता येते. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून ते आकडे आले. त्यांचा संबंध भावना किंवा पसंती व्यक्त करताना सुटे शब्द, स्वर आणि मुद्रा परस्परविसंगत असतील तेवढ्याच प्रसंगाशी होता, आणि ते सर्व संभाषणाला लागू नाहीत, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेले आहे.

शब्दांना असे तुच्छ लेखणे आपल्या जिल्ह्याला तर परवडणारेच नाही. येथे मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी नांदतात. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील गोंडीभाषी वृद्धा कचेरीत मान डोलावते तेव्हा तिला सर्व समजले आणि मान्य झाले, असे गृहीत धरले जाते. ती मान कित्येकदा केवळ अदबीने किंवा भीतीने हललेली असते. झाडीबोलीत उत्तर देणाऱ्या मुलाला वर्गात हसले गेले, तर ते मूल व्याकरण शिकत नाही; ते स्वतःविषयीचा एक अभिप्राय शिकते आणि पुढे गप्प राहू लागते. शिक्षकांनी त्याचे उत्तर आधी पूर्ण ऐकावे, आशय बरोबर असेल तर तसे सांगावे, आणि प्रमाण भाषेतील रूप त्यानंतर शिकवावे.

ऐकून घेण्याची हीच गरज गावच्या तंट्यांतही असते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली आणि गावोगाव समित्या स्थापन झाल्या. रोवणीच्या दिवसांत तलावाच्या पाण्यावरून किंवा बांधीच्या धुऱ्यावरून उद्भवलेली तक्रार अशा समितीपुढे येते तेव्हा तडजोडीचा मसुदा लिहिण्याची घाई फार होते. माझी या समित्यांच्या अध्यक्षांना आग्रहाची विनंती आहे की, एका पक्षाचे म्हणणे संपताच ते त्याच्याच बोलीत त्याला परत सांगावे, हेच आपले म्हणणे आहे काय असे विचारावे, आणि त्याने होकार दिल्यावरच दुसऱ्या पक्षाला बोलावयास सांगावे. यासाठी कोणत्याही मंजुरीची किंवा खर्चाची आवश्यकता नाही. पुढच्याच बैठकीपासून ही रीत सुरू करावी.