ट्रॉलीतल्या उसाची साखर जाते कुठे?

गळीत हंगामात ढोकी-कळंब भागात फिरलात तर उसाच्या ट्रॉल्यांची रांग दिसतेच. उभ्या ट्रॉलीत वजन घटतं, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. ते बरंचसं पाणी असतं. साखरेची घट वेगळी, आणि तिच्यात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाच्या जिवाणूचा मोठा हात असतो. हे नाव जिभेवर बसायला मलाही वेळ लागला.

कोयता बसला की कांडं उघडं पडतं, तिथून हा आत शिरतो. साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडीनं असतात. याचं डेक्स्ट्रानसुक्रेज हे विकर ती जोडी फोडतं, ग्लुकोजचे मणी ओवून लांब माळ करतं, फ्रुक्टोज सुटं राहतं. ती माळ म्हणजे डेक्स्ट्रान. शिळा रस बोटाला तार धरतो, तो हिच्यामुळं.

आता, उसात जसे को ८६०३२ वगैरे वाण, तसे या जिवाणूतही. फरक जनुकांत असतो. बी-५१२एफ या वाणाच्या माळेत सुमारे ९५ टक्के जोड एकाच प्रकारचे, म्हणून ती पाण्यात विरघळते. शुद्ध करून तीच रक्तस्रावात सलाईनमधून द्यायला वापरली गेली! बी-१३५५ कडे आणखी एक जनुक आहे. त्याचं विकर दोन प्रकारचे जोड आलटून पालटून देतं, त्यामुळं तो पदार्थ तितका चिकट होत नाही. आणि युरोपात लोण्याच्या विरजणात असणारा क्रेमोरिस हा उपप्रकार तर आपल्या साखरेला तोंडच लावत नाही. तो दुधावर जगतो.

कारखान्यात मात्र तार धरणारेच नडतात. रस घट्ट होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचे दाणे लांबट होतात. वर डेक्स्ट्रान प्रकाशाला साखरेच्या जवळपास तिप्पट वळवतं, म्हणून पोलॅरिमीटर नसलेली साखर दाखवतो. आकडा चांगला, पोत्यात माल कमी. एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याच्या पायावर ठरते, आणि उतारा सगळ्या कारखान्याचा मिळून धरतात. म्हणजे एकाची ट्रॉली रखडली तरी फटका सगळ्यांच्या भावाला. म्हणूनच तोडीपासून २४ तासांत गाळप व्हावं म्हणतात. जळीत ऊस तर त्याहून लवकर बिघडतो, कारण साल तडकलेली असते.

रस तापवला की जिवाणू मरतो, पण झालेली माळ तशीच राहते. ती तोडायला डेक्स्ट्रानेज हे दुसरं विकर टाकता येतं. त्याचा खर्च वेगळा, आणि गेलेली साखर तेही परत आणत नाही.