आई, तुझा डाव बाकी आहे!

बालमित्रांनो, आधी एक सोपा हिशेब. एका खेळाडूचं वय १९ वर्षं. तिच्या समोर बसलेल्या खेळाडूचं वय बरोबर दुप्पट. मग समोरच्या खेळाडूचं वय किती? अडतीस! शाबास.

आता ह्या दोघी कोण ते सांगते. जॉर्जिया नावाच्या देशात काळ्या समुद्राच्या काठावर बाटुमी नावाचं शहर आहे. तिथे जुलै २०२५ मध्ये महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला होती आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. दुसऱ्या बाजूला आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी, वय ३८. म्हणजे चषक कुणीही जिंकला तरी येणार भारतातच! पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. मग निकालासाठी जलद डाव झाले. त्यातलाही पहिला बरोबरीत. दुसऱ्यात मात्र दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी खेळून बाजी मारली. तारीख होती २८ जुलै. ह्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. डाव संपल्यावर ती आईच्या गळ्यात पडली आणि हुंदके देऊन रडली.

तो फोटो मी दुसऱ्या दिवशी पारगावच्या आमच्या शाळेत फळ्याशेजारी लावला. मुलं गोळा झाली. चौथीतली एक चुणचुणीत मुलगी फोटोकडे बघत म्हणाली, "बाई, दिव्याची आई दिसतेय. पण ज्या हरल्या, त्यांची आई कुठंय?"

मी म्हटलं, "अगं, त्या स्वतःच आई आहेत. त्यांना मुलगी आहे, जवळजवळ तुझ्याच वयाची."

वर्ग एकदम गप्प झाला. मग ती हळूच म्हणाली, "आई झाल्यावर पण खेळतात का बाई?"

खरं सांगते, घंटा झाली म्हणून मी सुटले! एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत कसं देणार? म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

हम्पीची गोष्ट

हम्पी हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे? 'चॅम्पियन' ह्या शब्दातून! तिचे वडील अशोक कोनेरू स्वतः बुद्धिबळ खेळायचे. लेकीला त्यांनीच खेळ शिकवला. २००२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, हम्पी ग्रँडमास्टर झाली. इतक्या लहान वयात जगातली कोणतीही मुलगी तोवर ग्रँडमास्टर झाली नव्हती.

२०१४ मध्ये तिचं लग्न झालं. २०१७ मध्ये मुलगी झाली, अहाना. त्या काळात हम्पी स्पर्धांपासून दूर राहिली. पट मिटून ठेवला म्हणा ना! आता ही काही परत येत नाही, असं कुणाला वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

पण २०१८ मध्ये ती ऑलिंपियाडला भारताकडून उतरली. आणि ती स्पर्धा कुठे होती माहीत आहे? त्याच बाटुमी शहरात! पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, मॉस्कोला ती जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला तिने तेच पद पुन्हा पटकावलं. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यात महिलांची ग्रां प्री स्पर्धा झाली, तिथेही तीच पहिली आली.

हे तिने एकटीने केलं का? नाही. नवऱ्याचा पाठिंबा आणि आईवडिलांची मदत नसती तर हे जमलं नसतं, असं ती स्वतःच सांगते. ती परगावी, परदेशी जाते, तेव्हा अहानाला तिचे आजी-आजोबा सांभाळतात. मुलांनो, चषकावर नाव एकाचंच कोरलेलं असतं. पण तो चषक घरी यावा म्हणून घरात किती हात राबलेले असतात!

नववा महिना आणि ऑलिंपियाड

आता दुसरी गोष्ट ऐका. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये चेन्नईजवळ मामल्लपुरमला बुद्धिबळाचं ऑलिंपियाड भरलं. भारताच्या महिला संघात हम्पी होती, गोव्याची भक्ती कुलकर्णी होती, वैशाली आणि तानिया होत्या. आणि होती हरिका द्रोणवल्ली. हरिकाला तेव्हा नववा महिना लागला होता! संघाचे मार्गदर्शक होते आपल्या पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. डॉक्टर काय म्हणतात ते विचारून, तब्येत सांभाळून हरिका खेळली. एकही डाव हरली नाही. भारताच्या महिला संघाला ऑलिंपियाडमधलं पहिलंवहिलं पदक मिळालं, कांस्यपदक. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला मुलगी झाली.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, बुडापेस्टला भारताच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात हरिका होती आणि आपली दिव्याही. एक आई आणि एक मुलगी शोभावी अशी पोर, खांद्याला खांदा लावून!

"पण तो तर बसून खेळायचा खेळ!"

आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने ही शंका काढलीच. "बाई, बुद्धिबळ काय, बसून खेळायचं. पळायचं, झुंजायचं असेल तर?"

तर मग मेरी कोमची गोष्ट ऐक बाबा! मणिपूरची ही मुष्टियोद्धा. २००२, २००५ आणि २००६ अशी तीन वेळा ती जगज्जेती झाली. २००७ मध्ये तिला जुळे मुलगे झाले. आणि २००८ मध्ये चीनमध्ये ती चौथ्यांदा जगज्जेती झाली. २०१० मध्ये पाचव्यांदा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. २०१३ मध्ये तिसरा मुलगा आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. २०१८ मध्ये दिल्लीत सहाव्यांदा जगज्जेतेपद!

त्याच्याही किती तरी आधी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोएन धावली. वय तीस, दोन मुलांची आई. लोक म्हणाले, हिने आता घरी बसावं. तिने एकाच ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं मिळवली! गावी परतली तेव्हा तिला एक सायकल भेट मिळाली. आता तिने जास्त धावू नये म्हणून!

मग अवघड काय आहे?

ह्या गोष्टी वाचून सगळं सोपं वाटेल. तसं नाही. बाळ पोटात असतं तेव्हा आईचं सगळं शरीर बदलतं. हृदयाला जादा काम पडतं, सांधे सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात. बाळंतपणानंतर हे सगळं हळूहळू जागेवर येतं. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देतात, अळीव आणि डिंकाचे लाडू करतात, ते काही उगीच नाही. डॉक्टरही साधारण सहा आठवडे जपायला सांगतात. मग आधी चालणं, मग हलका व्यायाम, मग सराव. त्यात बाळ रात्री दर दोन-तीन तासांनी उठवणार. अर्धवट झोपेत चार-पाच तासांचा बुद्धिबळाचा डाव खेळून बघा बरं! पायाखालची जमीनच काय, पटावरचा राजाही दिसायचा नाही.

शिवाय आणखी एक पेच आहे. विशीपासून पस्तिशीपर्यंतची वर्षं बहुतेक खेळांत सर्वांत मोलाची. आणि बाळ होण्यासाठीही हीच वर्षं चांगली. पस्तिशीनंतर ते थोडं कठीण होत जातं. म्हणजे दोन्ही गाड्या एकाच वेळी एकाच फलाटावर! पुरुष खेळाडूपुढे हा पेच येत नाही. तो बाप झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही मैदानात उतरू शकतो.

आता माझंच सांगते. माझ्या मुलाच्या वेळी मला सहा महिन्यांची पगारी रजा मिळाली. परत आले तेव्हा माझी खुर्ची, माझा वर्ग, माझं हजेरीपत्रक, सगळं जागच्या जागी होतं. सरकारी नियमच आहे तसा. पण खेळाडूची खुर्ची कोण धरून ठेवणार? ती सहा महिने थांबली, तर क्रमवारीत दुसऱ्या पुढे जातात, संघात दुसरी येते, बक्षिसाचे पैसे थांबतात.

म्हणून आता काही ठिकाणी नियम बदलू लागले आहेत. महिलांच्या टेनिस संघटनेने २०१८ च्या अखेरीस ठरवलं, की आई झालेल्या खेळाडूला बाळाच्या जन्मानंतर तीन वर्षांपर्यंत आपला जुना क्रमांक वापरून स्पर्धेत प्रवेश मिळेल. २०२५ मध्ये त्यांनी पगारी रजाही सुरू केली. पुढे कधी तरी मूल व्हावं म्हणून आत्ताच डॉक्टरी उपाय करून ठेवायचे असतील, तर त्यासाठी थांबणाऱ्या खेळाडूचाही क्रमांक राखायचं ठरलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामात पहिल्यांदाच पाळणाघर होतं. म्हणजे खुर्ची धरून ठेवता येते! नुसत्या जिद्दीवर सगळं भार टाकायची गरज नाही.

थोडं आईबाबांसाठी

पालकहो, हे चार शब्द तुमच्यासाठी. आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईत, १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. देशातलं पहिलं. मूल कधी आणि किती, हे बाईला ठरवता आलं पाहिजे, हे ते तेव्हा सांगत होते. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, लोकांची बोलणी खाल्ली. आज पाळणा लांबवण्याची साधनं सरकारी दवाखान्यातसुद्धा मिळतात. पण निर्णय कुणाच्या हातात असतो? हम्पीने लग्न केलं ते सत्ताविसाव्या वर्षी, आणि मूल तिसाव्या. आपल्याकडे तालुक्यात नंबर काढलेली पोरगी बारावी झाली, की स्थळं बघायला सुरुवात होते. अठरा पूर्ण झाली, कायद्यात बसतं, झालं! तिचा खेळ संपतो तो मूल झाल्यामुळे नव्हे. त्याच्या किती तरी आधी आपणच तो मोडलेला असतो.

आणि त्या मुलीचं काय झालं?

प्रश्न विचारणारी ती चौथीतली मुलगी घरी गेली आणि तिने आईला विचारलं, "तू काय खेळायचीस गं?" आई आधी हसली. मग तिने पत्र्याच्या ट्रंकेतून एक प्रमाणपत्र काढलं. कबड्डी, तालुका पातळी, पहिला क्रमांक. लेकीला हे माहीतच नव्हतं! नऊ वर्षं ती त्याच घरात राहतेय आणि ट्रंकही तिथेच होती.

पोरीने ते प्रमाणपत्र दप्तरात घालून मला दाखवायला आणलं. मी चिठ्ठी पाठवून तिच्या आईला शनिवारी शाळेत बोलावलं. त्या आल्या, पण मैदानाच्या कडेलाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नको बाई, गुडघा दुखतो. आणि लोक काय म्हणतील?" थोडा वेळ पोरींचा खेळ बघत होत्या. मग राहवलं नाही. "अगं, हात काय धरतेस, घोटा धर घोटा!" म्हणत पदर खोचला आणि रेषेच्या आत आल्या. त्या दिवशी पोरी पकड कशी धरायची ते शिकल्या. आता त्या दर शनिवारी येतात असं नाही. कांदा लागवडीत बाईमाणसाला सवड कुठली? पण जमेल तेव्हा येतात.

तर मुलांनो, ह्या आठवड्याचा अभ्यास. आज जेवताना आईला विचारा, "आई, तू शाळेत कोणता खेळ खेळायचीस?" आजीलाही विचारा. आणि नुसतं विचारून थांबू नका. संध्याकाळची भांडी तुम्ही आणि बाबांनी मिळून घासा आणि आईला अर्धा तास मोकळा करून द्या. तिचा डाव अजून बाकी असेल!